तऱ्हेवाईक गावाची गोष्ट: पहिल्या खर्ड्यापासून छापील प्रतीपर्यंत

लहान गावात काहीतरी अजब घडते, गाव त्याच्याकडे थोडा वेळ पाहते आणि मग ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर त्याला सातवा क्रमांक देऊन मोकळे होते, अशा गोष्टी मला लहानपणापासून ऐकायला आवडत. लिहायला बसले तेव्हा मात्र त्या कशा बांधाव्यात, कोणाला दाखवाव्यात आणि छापून कशा आणाव्यात, हे सांगणारे कोणी भेटले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील एका काल्पनिक गावावरची माझी पहिली कादंबरिका लिहून व्हायला तीन वर्षे लागली आणि छापून यायला आणखी दीड वर्ष लागले. त्यातले निदान एक वर्ष केवळ माहिती नसल्यामुळे वाया गेले. ते वर्ष तुमचे वाचावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

या प्रकाराला मराठीत रूढ नाव नाही, म्हणून मी त्याला ‘तऱ्हेवाईक कथा’ म्हणते. भुताटकी आणि विज्ञानकथा हे त्याचे शेजारी आहेत, ग्रामीण विनोदी कथा ही थोरली बहीण आहे. पण येथे भीती घालायची नसते, शोध लावायचा नसतो आणि गावकऱ्यांना हसायचे तर अजिबात नसते. वाचक सोळा वर्षांचा असू शकतो आणि साठ वर्षांचाही.

सुरुवातीला लागणारे साहित्य

• खिशात मावणारी वही. भ्रमणध्वनीवर नोंदी करता येतात, पण चहाच्या गाड्यावर वही काढली तर लोक हिशेब चालला आहे असे समजतात आणि बोलत राहतात. भ्रमणध्वनी पुढे धरला की गप्प होतात.
• जिल्ह्याचा तालुकावार नकाशा. कोल्हापूर जिल्ह्यात १२ तालुके आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत.
• तिथी दाखवणारी मराठी दिनदर्शिका, कारण यात्रा आणि उरूस इंग्रजी तारखा पाळत नाहीत.
• युनिकोडमध्ये मराठी टंकन करण्याची सवय. हिचे महत्त्व आठव्या पायरीत कळेल.

१. गाव वसवा

गाव काल्पनिक ठेवा, पण माती खरी घ्या. माझ्या पहिल्या खर्ड्यात खऱ्या गावाचे नाव होते. परिणाम असा झाला की तो वाचणाऱ्या पाचांपैकी तिघांनी गोष्ट सोडून ‘ती एस. टी. त्या रस्त्याने जातच नाही’ यावर चर्चा केली आणि चौथ्याने त्यातला सरपंच कोण, हे ओळखून दाखवले. काल्पनिक नाव घेताना ते कोठे अस्तित्वात नाही ना, हे जनगणनेच्या ग्रामयादीत पाहून घ्या. ‘खुर्द’, ‘बुद्रुक’ आणि ‘वाडी’ जोडून केलेली नावे बहुधा कोठेतरी आधीच असतात.

गावाला एकच ठळक ओळख द्या आणि ती उसनी घ्यायची असेल तर नीट घ्या. हुपरी चांदीच्या कारागिरीवर उभी आहे, इचलकरंजी यंत्रमागाच्या आवाजावर झोपते आणि उठते, गडहिंग्लजला फुटबॉलचे वेड आहे, आणि शाहू महाराजांनी वसवलेल्या जयसिंगपुरात गल्ल्यांना क्रमांक आहेत. असा एक धागा घेतला की बाकीचे गाव त्याच्याभोवती आपोआप जमते, मात्र चारही धागे एका गावात कोंबले तर ते गाव न राहता पर्यटन खात्याचे माहितीपत्रक होते.

पाण्याचा विचार सर्वांत आधी करा. गगनबावड्याकडे पाऊस इतका पडतो की घरातले मीठ पाझरते; शिरोळकडे पाऊस बेताचा, पण पूर मोठा, कारण तो दुसऱ्यांच्या गावात पडलेल्या पावसाचा असतो. तुमचे गाव डोंगराच्या बाजूला आहे की नदीच्या, यावर तेथील माणसे काय साठवतात, कशाला घाबरतात आणि कोणाला दोष देतात, हे सारे ठरते. मग एका कागदावर स्टँड, पार, तालीम, बाजाराची जागा, ग्रंथालय आणि दोन राजकीय गटांची दोन चहाची दुकाने काढा. हा कागद छापायचा नसतो. आठव्या प्रकरणात तालीम डावीकडची उजवीकडे जाऊ नये, एवढ्यासाठीच तो असतो.

२. अजब गोष्ट एकच निवडा

माझ्या पहिल्या खर्ड्यात बोलणारी म्हैस होती, उलटे चालणारे घड्याळ होते, स्टँडवर रात्री येणारी एक अदृश्य गाडी होती आणि आणखी चार प्रकार होते. माझ्या मावसबहिणीने ते वाचून एवढेच विचारले, ‘यातल्या नेमक्या कशाचं नवल करायचं?’ मी सहा गोष्टी काढून टाकल्या. त्यांचे वाईट वाटले, पण म्हैस कोणालाच आठवली नाही.

निवड कशी करावी, हे शिकायला कोल्हापूरकडचे खरे नमुने पुरेसे आहेत. राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरलेल्या उंचीवर गेली की ते आपले आपण उघडतात. नृसिंहवाडीला पुराचे पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले की लोक पळून जाण्याऐवजी त्यात स्नानाला येतात, आणि पाणी चढताना आणि उतरताना होणाऱ्या दक्षिणद्वार सोहळ्यांची वेगवेगळी मोजणी ठेवतात. अंबाबाईच्या किरणोत्सवात, म्हणजे नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि जानेवारीअखेर ३१ पासून २ फेब्रुवारीपर्यंत, मावळतीचे ऊन महाद्वारातून आत येऊन मूर्तीवर पडते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत किरणे चरणांपर्यंत, कमरेपर्यंत की मुखापर्यंत पोहोचली, हे असते आणि न पोहोचल्यास ढग कारणीभूत की वाटेतील इमारती, याचा वाद असतो.

या तिन्हींत नवल आहे, पण लोक ते कोणत्या सुरात सांगतात, याकडे लक्ष द्या. ‘तीन नंबरचा उघडला, पहाटे’ हे वाक्य गारगोटीची गाडी लागली, एवढ्याच सहजतेने उच्चारले जाते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे शाळकरी मुलालाही पाठ असते आणि तो ती पातळी क्रिकेटच्या धावसंख्येसारखी विचारतो. आपल्या गोष्टीतील अजब प्रकार याच सुरात सांगता आला पाहिजे. ‘आणि मग एक विलक्षण, अद्भुत घटना घडली’ असे वाक्य खर्ड्यात कोठे आले असेल, तर ते खोडा.

३. अजब गोष्टीचा हिशेब मांडा

ही पायरी मी सर्वांत उशिरा शिकले आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगते.

माझ्या गोष्टीत एका साखर कारखान्याचा वजनकाटा आहे. काट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने मनात काही लपवले असेल, तर त्या गुपिताचेही वजन काटा धरतो. आपल्याकडे काटामारी, म्हणजे ऊस कमी भरतो ही शेतकऱ्याची तक्रार, इतकी जुनी आहे की वजन जास्त भरणारा काटा ही कल्पनाच मला पुरेशी गमतीची वाटली होती. ड्रायव्हरच्या मनात गुपित, म्हणून ऊस जास्त भरतो आणि शेतकरी खूश, एवढ्यावर मी चाळीस पाने लिहिली.

ती पाने मी हंगामात काट्यावर काम केलेल्या एका वयस्कर गृहस्थांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि विचारले, ‘ड्रायव्हर रिकाम्या ट्रॉलीबरोबर परत काट्यावर येतो की नाही?’ येतोच. भरलेल्या ट्रॉलीचे वजन होते, ऊस गव्हाणीत उतरतो, मग रिकाम्या ट्रॉलीचे वजन होते आणि दोहोंची वजाबाकी म्हणजे ऊस. ड्रायव्हर दोन्ही वेळा केबिनमध्ये बसलेला असेल, तर त्याचे गुपितही दोन्ही वेळा मोजले जाणार आणि वजाबाकीत उडून जाणार. माझी चाळीस पाने तेथेच संपली.

मी दोन आठवडे काहीच लिहिले नाही. मग लक्षात आले की गुपिताचे वजन उसाच्या खात्यावर जमा व्हायचे असेल, तर ड्रायव्हरने दोन वजनांच्या मध्ये, म्हणजे गव्हाणीजवळ, ते कोणाला तरी सांगून टाकले पाहिजे. येथून गोष्ट स्वतःच्या पायांनी चालू लागली. शेतकरी गव्हाणीजवळ ड्रायव्हरांना चहा पाजून बोलते करू लागले. ज्याच्या मनात मोठे पाप, त्याच्या ट्रॅक्टरला मागणी वाढली. एका गटाने गुपिताच्या वजनालाही एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, लागू करून उसाच्या बिलाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे निवेदन दिले. दुसऱ्या गटाने काट्याला हळदकुंकू वाहिले. यातले काहीही मला कल्पनेच्या भराऱ्या मारून सुचले नव्हते. वजाबाकी बरोबर केल्यावर ते आले.

म्हणून आपली अजब गोष्ट ज्या व्यवस्थेत घडते, ती व्यवस्था प्रत्यक्ष कशी चालते, हे त्या कामातील माणसाकडून समजून घ्या. टपाल कार्यालय असेल तर पिशवी कधी फुटते, दूध संस्था असेल तर फॅट कशी लावतात, तालीम असेल तर हौद्यातील माती कधी बदलतात. त्यानंतर पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा: यात फायदा कोणाचा, तोटा कोणाचा, अर्ज कोण करतो, नारळ कोण फोडतो आणि या सगळ्याकडे दुर्लक्ष करून आपले काम कोण करत राहतो. शेवटचे पात्र हातचे जाऊ देऊ नका. बहुधा तेच गोष्टीचा कणा ठरते.

मात्र हे असे का घडते, याचे स्पष्टीकरण देऊ नका. काट्याखाली जुने थडगे होते, असा उलगडा मी एका खर्ड्यात केला होता. त्या पानापासून गोष्ट सामान्य झाली.

४. दोन वयांचे वाचक, एकच गोष्ट

माझी नायिका सतरा वर्षांची आहे. बारावीनंतर पुण्याला शिकायला जाण्यासाठी तिने घरी न सांगता अर्ज भरला आहे आणि काटा तिचे वजन साडेचार क्विंटल दाखवतो. मोठ्या माणसाला हे गुपित किरकोळ वाटेल, पण काट्याला वय कळत नाही, आणि लेखकालाही कळू नये. किशोरवयीन पात्राचे दुःख गोड, तात्पुरते किंवा विनोदी म्हणून लिहिले की सोळा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो. उलट गोष्टीतील मोठ्या माणसांनाही स्वतःची गुपिते हवीत. ती केवळ ओरडायला किंवा समजूत घालायला आणली असतील, तर साठीचा वाचक मिटतो.

दोन सापळे टाळा. पहिला, शेवटी एखाद्या गुरुजींनी सर्वांना समजावून सांगणे. दुसरा, तरुण दिसण्यासाठी आजची बोलण्याची फॅशन भरणे. ‘विषय हार्ड’ हे आज खणखणीत वाटते. पुस्तक बाजारात येईपर्यंत ते शिळे झालेले असते.

५. बोली नीट सांभाळा

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही विभागणी नवख्यांना सोयीची पडते. ‘नाद खुळा’ आणि ‘जगात भारी’ टीशर्टवर शोभतात. कोल्हापूरची बोली त्यांत नसून क्रियापदांत आहे. येथील मुली आणि बायका घरात ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सर्रास म्हणतात. मीसुद्धा म्हणते, येथे लिहिताना तेवढे ‘आले’ लिहिते. काट्यावरच्या प्रसंगात नायिका कारकुनाशी असे बोलते:

‘आण्णा, परत बघा की.’
‘तीनदा बघितलं बाळ. साडेचारच दावतोय.’
‘मग मी उतरतो.’
‘उतर. पण काय असंल ते कुणाला तर सांग आधी. एवढं घिऊन घरी कशी जाणार?’
‘सांगणार न्हाई. चालत जातो.’

मुद्रितशोधकाने संपूर्ण पुस्तकात ‘उतरतो’चे ‘उतरते’ आणि ‘जातो’चे ‘जाते’ केले. त्यांची चूक नव्हती. व्याकरणाप्रमाणे त्यांनी योग्यच केले. चूक माझी, कारण मी त्यांना आधी सांगितले नव्हते. हस्तलिखितासोबत एका पानाची बोलीची यादी जोडा. कोणते पात्र कोणती रूपे वापरते, ‘नाही’चे ‘न्हाई’ कोण म्हणते आणि ‘नाय’ कोण म्हणते, कोण कोणाला आण्णा, तात्या, वैनी, आक्का म्हणते, हे त्यात असावे. ही यादी तुम्हालाही उपयोगी पडते. माझे एक पात्र तिसऱ्या प्रकरणात मामा होते आणि नवव्यात काका झाले होते.

६. ऋतूंवर प्रकरणे बसवा

कथानकाचा आराखडा जमत नसेल तर वर्षाला विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर, गणपती, दसरा, मग गळीत हंगामाचा भोंगा, ऊसतोड टोळ्यांची पाले, चैत्रात जोतिबाची यात्रा, आणि उन्हाळ्यात निकाल. हंगाम संपला की टोळ्या निघून जातात, काटा बंद होतो. माझ्या गोष्टीला शेवटची तारीख आयतीच मिळाली.

७. वाचून दाखवा

एक वाचक शाळा-महाविद्यालयातील आणि एक पन्नाशीपुढचा, असे निदान दोघे शोधा आणि मोठ्याने वाचा. ऐकणारा कोठे भ्रमणध्वनी पाहतो, त्या ओळीवर खूण करा. सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल या कामी मोलाची मदत करतात, कारण कोणते पुस्तक अर्ध्यातून परत येते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तालुक्याच्या गावीही अशी एखादी संस्था असतेच.

८. हस्तलिखित तयार करा

संपूर्ण मजकूर युनिकोडमध्येच टंकित करा. बऱ्याच मुद्रणालयांत अजून जुने टंक वापरले जातात आणि रूपांतर करताना जोडाक्षरे मोडतात. सर्वाधिक धोका ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या अक्षरांना असतो. माझ्या पहिल्या मुद्रितात ‘गुऱ्हाळ’ सगळीकडे ‘गुर्हाळ’ झाले होते आणि ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दाच्या जागी रिकामा चौकोन होता. उसावरच्या पुस्तकात असे चौकोन किती आले असतील, ते तुम्हीच मोजा. रूपांतरानंतर गुऱ्हाळ, तऱ्हा, दऱ्या, ॲप, ऑफिस आणि रफार असलेले चारपाच शब्द शोधून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

९. कोठे पाठवावे

थेट कादंबरी पाठवण्याआधी त्याच गावातील एक स्वतंत्र कथा दिवाळी अंकाला द्या. १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा नव्या लेखकाला आजही सर्वांत सोपे दार आहे. साहित्य उन्हाळ्यात, फार तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पोहोचले पाहिजे. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची असते. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका.

वाचकवर्ग आधी पाहा. ‘किशोर’ हे बालभारतीचे मासिक १९७१ पासून निघते आणि उत्तम आहे, परंतु ते लहान मुलांचे आहे. सतरा वर्षांच्या नायिकेची गोष्ट तेथे पाठवून मी संपादकांचा आणि स्वतःचा वेळ घालवला. पहिले पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात पाहत राहा.

प्रकाशकाकडे पाठवायचे कागद:

• पूर्ण हस्तलिखित, युनिकोड आणि पीडीएफ अशा दोन्ही रूपांत
• शेवटासह एका पानाचा सारांश. शेवट गुप्त ठेवू नये
• बोलीची यादी
• आधी छापून आलेल्या कथेची प्रत, असल्यास
• दहा ओळींचा परिचय

स्वीकृतीनंतर पॅन, बँक खात्याचा तपशील आणि मुखपृष्ठावरील चित्र बाहेरून आणले असल्यास चित्रकाराची लेखी परवानगी लागते.

१०. करार वाचा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन पूर्ण होताच हक्क लेखकाचा होतो; नोंदणी ऐच्छिक आहे. हक्क दुसऱ्याला देणे मात्र लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असे वाक्य दिसले तर थांबा. ईबुक, श्राव्यपुस्तक, भाषांतर आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की सवलतीनंतरच्या रकमेवर, हे स्पष्ट विचारा. विचारण्याचा संकोच मला झाला होता आणि तो महाग पडला.

लेखकाकडून पैसे घेऊन छापणारेही भेटतील. तो व्यवहार बेकायदा नाही, परंतु ‘आयएसबीएनचे शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम मागितली तर सावध व्हा. भारतात पुस्तकाचा हा ओळखक्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि स्वतःचे पुस्तक काढणारा लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. स्वतः प्रकाशक झालात, तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवण्याची जबाबदारीही तुमचीच असते.

११. छपाईच्या वेळी

पुस्तक सहसा १६ पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते, त्यामुळे मजकूर १६ च्या पटीत बसला नाही तर शेवटी कोरी पाने राहतात किंवा अक्षर बारीक केले जाते. अक्षर बारीक करू देऊ नका. साठीच्या वाचकाचा विचार करा आणि कोऱ्या पानांवर गावाचा नकाशा घाला. हो, पहिल्या पायरीत छापायचा नाही म्हटलेला तोच कागद. मी शेवटी छापलाच.

पहिल्या प्रतींपैकी एक बाजूला ठेवा आणि सापडतील त्या चुका तिच्यात पेन्सिलीने नोंदवत जा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी शोधाशोध होत नाही. माझ्या प्रतीत ४१ व्या पानावर अशी खूण आहे. तेथे ती मुलगी कारकुनाला अजूनही ‘मी जाते’ असे म्हणते.